भांगेच्या तुपाचा परवाना

१९५६च्या सप्टेंबरात, गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, माझ्या वडिलांनी उज्जैनच्या आबकारी गोदामातील आपल्या सरकारी दैनंदिनीत एक नोंद केली. "काल दुपारच्या जेवणात घरच्या तुपावाटे माझ्या पोटात भांग गेली. दोन वाजल्यापासून मी कामास असमर्थ होतो. काल दुपारी तोललेला माल पुन्हा तोलला जावा." खाली सही केली आणि वेळ घातली. नोंद हिंदीत होती. इथे मराठीत दिली आहे.

मध्य भारत राज्य मोडून नवा मध्य प्रदेश व्हायला तेव्हा दोन महिने राहिले होते.

वडील गोदामावर कारकून होते. ग्वाल्हेर संस्थानच्या काळात नोकरीला लागले आणि संस्थान विलीन झाल्यावर त्याच कामावर राहिले. भांगेची पोती गोदामात येत. ठेकेदार उचल करायला आला की वडील माल तोलून देत, उरलेल्या पोत्यावर लाखेची मोहोर करत. पंधराएक वर्षे ते त्या वासात बसत होते. घरी आले की त्यांचा कोट मागच्या पडवीतल्या वेगळ्या खुंटीवर जाई आणि अंघोळ केल्याशिवाय त्यांना स्वयंपाकघरात प्रवेश नसे. हा नियम आईचा.

वडिलांचा स्वतःचा नियम दुसरा होता. आपण ज्या दुकानांना माल तोलून देतो त्या दुकानांतून आपल्या घरात काही यायचे नाही. उज्जैनमध्ये हा नियम पाळणे सोपे नव्हते. घाटावर सकाळ-संध्याकाळ भांग घोटली जाते. शिवरात्रीला घरोघर ठंडाई होते आणि शेजारी लोटा भरून पाठवतात. आम्ही माधवनगरात राहत होतो. शेजारच्या भाभी दर वर्षी लोटा घेऊन दारात येत आणि वडील दर वर्षी हात जोडत.

"भाईसाहब, महाकाल का परसाद है, कोई ना करता है?"

"परसाद माथ्याला लावला, भाभी. पोटात नको."

"सारे शहर को तौल-तौल के देते हो, और खुद सूखे!" असे म्हणून भाभी हसत परत जात.

मी त्या वेळी इंदूरच्या एका हिंदी दैनिकाचा उज्जैनचा बातमीदार होतो. पुढील हकिकतीतील जे मी स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून लिहिले आहे. जे ऐकले ते कोणाकडून ऐकले हे सांगितले आहे.

आईचे दुखणे त्याआधी दोन वर्षे, थंडीत सुरू झाले. उजव्या गालात कळ येई. ती नाकपुडीजवळून निघून कानाच्या पाळीपर्यंत जाई, काही क्षण टिके आणि थांबे. मग पुन्हा येई. वाऱ्याची झुळूक लागली, चूळ भरली, घास चावला, बोलायला तोंड उघडले, की कळ ठरलेली. आधी दिवसातून दोनदा-तीनदा होई. वर्षभरात मोजायचे आम्ही सोडून दिले.

सरकारी दवाखान्यात दाढ किडली असेल म्हणून एक दाढ काढली, मग शेजारची काढली. कळ तशीच राहिली. नंतर आलेल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की दोष दाढेत नाही, चेहऱ्याच्या शिरेत आहे. त्या शिरेत मुंबईला इंजेक्शन देतात. कळ थांबते, पण तेवढा चेहरा बधिर होतो आणि काही दिवसांनी कळ परतही येऊ शकते. पूर्वी अशा दुखण्याला भांगेचे टिंचर देत असत, असेही ते बोलण्याच्या ओघात म्हणाले. पण ते औषध आता पुस्तकातून निघाले होते आणि दवाखान्यात येत नव्हते.

आईने मुंबईला जायला नकार दिला. त्या काळात ती तोंडाने बोलत नसे. माझी शाळेतली पाटी तिने माळ्यावरून काढली होती आणि हवे ते पाटीवर लिहून दाखवत असे. भैरवगढच्या छापील चादरीची रुंद पट्टी फाडून ती गालावरून डोक्याभोवती बांधी. त्या दिवशी तिने पाटीवर लिहिले, "अर्धा चेहरा मेलेला नको. मला जेवायचे आहे."

ती जेवत नव्हती, हाच प्रश्न होता. तांदळाची पेज, ताक, कधी दुधात पूर्ण विरघळलेला शिरा. तेही डाव्या बाजूने, मान कलती करून. १९५६च्या उन्हाळ्यात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत. डॉक्टर वडिलांना बाजूला घेऊन म्हणाले की कळीने माणूस मरत नाही, उपासाने मरतो. हे वाक्य वडिलांनी घरी येऊन जसेच्या तसे आईला सांगितले. काही लपवायचे नाही अशी त्यांची पद्धत होती. आईने पाटीवर लिहिले, "मग दुसरा उपाय बघा."

दुसरा उपाय पुलापलीकडे होता. रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे फ्रीगंज आणि आमचे माधवनगर, पलीकडे जुने शहर आणि वडिलांचे गोदाम. तिथल्या एका वैद्यांकडे भाभींच्या सासूबाईंचे संधिवाताचे औषध चालू होते. भाभींच्या सांगण्यावरून आम्ही तिघे टांग्याने गेलो. वैद्यांनी नाडी पाहिली, गालाला हात न लावता गालाकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, "नींद?"

आईने मान हलवली.

"भूख लगती है, पर खा नहीं सकतीं?"

आईने मान हलवली.

"विजया देंगे," वैद्य म्हणाले. "शोधन की हुई."

"विजया म्हणजे?" वडिलांनी विचारले. त्यांना माहीत होते. खात्री करून घेतल्याशिवाय ते पुढे जात नसत.

"बाबूजी, आप ही के गोदाम की चीज़ है. भांग."

वडील उठून उभे राहिले. आईने त्यांचा कोट धरून त्यांना खाली बसवले. मग तिने पिशवीतून पाटी काढली. पाटीवर जे लिहिले ते तिने वडिलांना आणि वैद्यांना, दोघांनाही दाखवले. "तुम्ही रोज पोती तोलता. मला चिमूट नको?"

वैद्यांना मराठी वाचता येत होते. ते हसले. वडील हसले नाहीत. त्यांनी वैद्यांकडे परवाना मागितला. औषधासाठी भांग ठेवायचा परवाना वैद्यांकडे होता. वडिलांनी तो पुढूनमागून वाचला, मुदत पाहिली आणि परत दिला. दुकानातून काही येत नाही, परवानाधारक वैद्याकडून तयार औषध येते, तेव्हा हरकत नाही असे त्यांनी ठरवले. परवान्यात 'तयार औषध' असेच शब्द होते.

अडचण इथून पुढे आली. वैद्यांच्या दवाखान्यात शोधन त्यांचा माणूस करी. पाने फडक्यात बांधून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, सुकवायची, थोड्याशा तुपात मंद परतायची, मग कुटून पूड करायची. आईने पाटीवर विचारले, "तूप कोणाचे? कढई कोणाची?" उत्तर ऐकून तिने लिहिले, "दुसऱ्याच्या कढईतले मी घेणार नाही. कच्ची पाने द्या, घरी मी करीन." आमच्या घरात सोवळे होते. आईचे तर तिच्या आईकडून आलेले कडक होते. दोन वर्षे धड घास न गेलेली बाई तूप कोणाच्या चुलीवरचे याची चौकशी करते हे पाहून वैद्यांनी कपाळाला हात लावला.

"काकी, यह नियम के बाहर है," ते म्हणाले. पुढच्या खेपेला मी एकटा गेलो तेव्हाही तेच म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी कच्च्या पानांची पुडी दिली आणि शोधनाची रीत आईसाठी कागदावर लिहून दिली.

पुडी मी आणत असे. आत कच्ची पाने आहेत हे मला माहीत होते. वडिलांनी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. आई हे काम वडील गोदामावर गेल्यावर करी. वास घरात राही, पण तो वास वडिलांच्या कोटाला रोज येत होता. त्यांना तो वेगळा कळत नव्हता.

औषध जुलैपासून सुरू झाले. पूड गुंजभर, साखर घातलेल्या दुधातून, रोज दोन वेळा. झोप थोडी सुधारली. कळ बोथट झाली, गेली नाही. पेजेऐवजी मऊ भात जाऊ लागला, तोही सगळ्या दिवशी नाही. वैद्यांनी पूड थोडी वाढवली. ऑगस्ट तसाच गेला. आई पाटीवरच होती.

गौरींचे काम जवळ आले तेव्हा तिने ठरवले की पुढे सोवळ्यात वेळ मिळणार नाही, तर महिन्याभराचे पान एकदमच करून ठेवावे. आधी पाने थोडी असत, तूपही त्या मानाने थोडे लागे आणि जे पानांत मुरत नसे ते फडक्याला पुसले जाई. या वेळी पाने बरीच होती. तिने लंगडीत, म्हणजे पसरट पातेल्यात, भरपूर तूप घातले, कारण कोरडे परतलेले जळते. भात असो, पुरण असो, तिचा हात सगळीकडे सारखाच सढळ. बराच वेळ मंद विस्तवावर ठेवले, मग पातळ फडक्यातून गाळले. पानांची पूड औषधाच्या डबीत गेली. तूप उरले. साजूक तूप टाकायचे नसते. पाने सात वेळा धुतलेली होती, औषध जे काही होते ते पानात होते, तूप म्हणजे तूप, असा तिचा समज. तिने ते रोजच्या तुपाच्या भांड्यात ओतले.

त्या तुपाला हिरवट झाक आली होती. आमच्याकडे लोणी कढवताना विड्याचे पान घालतात. त्यानेही तूप जरा हिरवट दिसते. कोणी दुसऱ्यांदा पाहावे असे त्यात काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील जेवायला घरी आले. गरम भात, वरण, वर तूप. वडिलांना भातावर तूप दिसेल एवढे लागे. आईने त्यांना दोन वेळा वाढले आणि स्वतः तोच भात कालवून, मऊ करून घेतला. मी जेवायला नव्हतो. नगरपालिकेत बैठक होती.

पुढचे मला गोदामाच्या शिपायाने सांगितले. दोनच्या सुमारास ठेकेदार उचल करायला आला. वडिलांनी तागडीत वजन ठेवले, काढले, पुन्हा तेच ठेवले. असे तीनदा झाले. शिपायाने आठवण केली तेव्हा ते म्हणाले की वजन आधीच ठेवले आहे, तागडी उशिरा खाली येते आहे. मग ते लाख वितळवायला बसले आणि लाखेकडे पाहत राहिले. ठेकेदार आयुष्यभर हा धंदा करत होता. त्याने एकदा वडिलांचे डोळे पाहिले आणि शिपायाला म्हणाला, "बाबूजी ने भोग लगा लिया आज. टांगा बुला."

मी चारच्या सुमारास घरी पोचलो. वडील पलंगावर ताठ बसले होते, दोन्ही हातांनी पलंगाची कड धरून.

"पूल संपला का?" त्यांनी मला विचारले.

"बाबा, तुम्ही घरी आहात."

"घरी आहे. पण पूल संपला का?"

"दुपारपासून ते पुलावरच आहेत," आई म्हणाली.

ती तोंडाने बोलली. मी तिच्याकडे पाहिले. ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, गालावरची पट्टी सोडलेली होती. डोळे लाल होते, जीभ जड होती, शब्द हळू येत होते. उजव्या गालावर तिने स्वतःचा तळहात ठेवला होता. दोन वर्षांत तिने तो गाल कोणाला, स्वतःलाही, शिवू दिला नव्हता.

"आई, दुखत नाही?"

"आहे. पलीकडच्या खोलीत आहे," ती म्हणाली. मग तिला हसू आले आणि तिने तोंडावर पदर घेतला. "तुझ्या बाबांना पाणी दे. ठेकेदाराला म्हणाले म्हणे, तागडी आळशी आहे."

"तागडी आळशीच आहे," वडील म्हणाले.

मी सायकल काढली आणि वैद्यांना घेऊन आलो. त्यांनी वडिलांची नाडी पाहिली, ताक पाजायला सांगितले, झोपवून ठेवा, सकाळपर्यंत उतरेल म्हणाले. मग दोघांनी काय काय खाल्ले ते त्यांनी विचारले. आईने सांगितले. वैद्य स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि मी तुपाचे भांडे त्यांना दाखवले. त्यांनी वास घेतला.

"काकी, आप महीनों से छिलका खाती रहीं," ते म्हणाले. "रस तो यहाँ है."

त्यांनी समजावून सांगितले ते असे. भांगेचा गुण पाण्यात उतरत नाही, म्हणून धुतल्याने जात नाही. तो तुपात उतरतो. दवाखान्यात तूप जेमतेम घालतात, त्यामुळे ते पानातच राहते आणि पुडीबरोबर पोटात जाते. आईने जास्त तुपात परतले आणि गाळले, तेव्हा गुण तुपाबरोबर निघून गेला. आधीच्या खेपांनाही तिच्या सढळ हाताने पूड हलकी झाली असावी. यापुढे पूड बंद करून तूपच द्यायचे. पण थेंबांनी, मोजून, आणि वेगळ्या भांड्यातून.

आई ऐकत होती. "म्हणजे हे लागू पडतं," ती म्हणाली.

"पड़ता है."

"किती दिवस?"

"जब तक आप बनाती रहें."

वडील सकाळी सहाला उठले. अंघोळ केली, संध्या केली आणि आईला विचारले की तूप कोणी केले, पाने कुठून आली. आईने सगळे सांगितले. कच्ची पुडी, शोधन, मी आणत होतो हे. तिची जीभ आता मोकळी होती, पण कळ सकाळीच परत आली होती. ती अर्धे बोलत होती, अर्धे पाटीवर लिहीत होती. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मग ते म्हणाले, "हे लिहावं लागेल."

"कुठे?"

"दैनंदिनीत. काल माल मी तोलला. तो बरोबर तोलला की नाही मला माहीत नाही."

"तब्येत बिघडली असं लिहा," आई म्हणाली.

"तब्येत का बिघडली हेही लिहावं लागेल."

"अहो, तुम्ही लिहिलंत की चौकशी येईल. वैद्यांनी कच्चं पान दिलं हे निघेल. त्यांचा परवाना जाईल." तिला कळ आली. ती थांबली, गाल धरला, कळ गेल्यावर पाटी उचलली आणि लिहिले, "आणि माझे तूप जाईल."

"जाईल," वडील म्हणाले.

"काल दोन वर्षांनी मी जेवले."

"पाहिलं मी. पुलावरून पाहिलं." ते थट्टेने म्हणत नव्हते. त्यांना तेवढेच आठवत होते. "तू जेव. मी त्यासाठी काय करायचं ते करीन. पण खोटं लिहिणार नाही."

"खोटं नका लिहू. काहीच नका लिहू."

"दुपारचे दोन ते पाच रिकामे ठेवू?"

आईने पाटी पुसली आणि नव्याने लिहिले, "तुम्ही तुमचे लिहा. मी माझे लिहीन."

वडिलांनी नोंद केली ती त्या दिवशी साडेदहाला. माल पुन्हा तोलला गेला. एक पोते सोडून सगळे बरोबर भरले. त्या एका पोत्याची मोहोर करायची राहिली होती.

चार दिवसांनी वरचे अधिकारी चौकशीला आले. वाऱ्यात आईला नेता येत नव्हते, म्हणून तिचा जबाब घरी घ्यायचे ठरले. ते आले तेव्हा बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि आईने जबाब आधीच लिहून ठेवला होता, मराठीत, पूर्ण दोन पाने. मी त्याचे हिंदी केले. तिने ते वाचले आणि मी एक वाक्य सौम्य केले होते ते पुन्हा होते तसे करायला लावले. ते वाक्य असे: "कच्चे पान मी हट्टाने मागितले. वैद्यांनी दोनदा नाही म्हटले होते. पतीला मी सांगितले नाही." अधिकाऱ्यांनी जबाब वाचून विचारले की पुडी कोण आणत होते. मी आणत होतो, असे मी सांगितले. त्यांनी ते खाली लिहून घेतले आणि माझी सही घेतली.

जबाबाच्या शेवटी एक विनंती होती. पान दवाखान्याबाहेर जाणार नाही. औषध दवाखान्यातच, वैद्यांच्या देखरेखीखाली, पण तिच्या भांड्यात, तिच्या तुपात, तिच्या हाताने तयार होईल. तयार झालेले तूप वैद्य मोजून, नोंद करून तिला देतील. एवढी परवानगी मिळावी.

"आप खुद बैठेंगी वहाँ? चूल्हे पर?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"माझा स्टोव्ह आणीन," आई म्हणाली.

"वहाँ बीस तरह के मरीज़ आते हैं, बाई साहब. और आपका यह... छुआछूत..."

"माझं सोवळं मी सांभाळीन. तुम्ही परवानगी सांभाळा."

अधिकारी माझ्याकडे वळले. "आपकी माताजी बोल नहीं सकतीं, ऐसा लिखा है."

"थेंब घेतल्यावर बोलू शकतात," मी सांगितले.

"कब लिया?"

"आपके आने से पहले," आई म्हणाली. "नाहीतर तुम्हाला पाटी वाचावी लागली असती. माझं अक्षर वाईट आहे."

ते हसले आणि जबाबाखाली सही करून घेतली. जाताना त्यांनी दारात वडिलांना विचारले, "बाबूजी, लिखा क्यों? किसी को पता नहीं चलता." वडिलांनी दिलेले उत्तर मला ऐकू आले नाही. मी नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

ऑक्टोबरच्या मध्यास निर्णय आला. वैद्यांना लेखी ताकीद मिळाली, परवाना कायम राहिला. वडिलांच्या सेवापुस्तकात ताकीद लिहिली गेली आणि त्यांची बदली शाजापूरला झाली. भांगेच्या गोदामावर नाही, कचेरीत. आईला मागितलेली परवानगी मिळाली. तो कागद तिच्या स्वतःच्या नावावर होता. सरकारी कागदावर तिचे नाव त्याआधी मतदार यादीखेरीज कुठे आले नव्हते.

बदलीचा कागद आणि परवानगीचा कागद एकाच टपालाने आले. वडिलांनी दोन्ही वाचले. परवानगी उज्जैनच्या त्या एकाच दवाखान्यापुरती होती. शाजापूरला तिचा उपयोग नव्हता.

"तिकडे वैद्य असतील," वडील म्हणाले.

"असतील. पण ते आधी दोनदा नाही म्हणतील. मग चौकशी. मग तुम्ही लिहाल." आई तांदूळ निवडत होती. "मी इथेच राहते."

"एकटी?"

"हा आहे की," ती माझ्याकडे मान वळवून म्हणाली. "शनिवारी तुम्ही या. बस आहे."

"माझं जेवण?"

"पोळ्या लाटायला शिका. मी शिकवते. आठ दिवस आहेत."

पुढचे आठ दिवस वडील संध्याकाळी स्वयंपाकघरात पोळपाटापुढे बसले. आई पाटावर बसून सांगत होती. "कडा जाड. कडा जाड राहिल्या. हे काय, माळव्याचा नकाशा आहे का? दिवसेंदिवस बदलतोय." वडील पोळी उलटून पाहत, मोडत आणि पुन्हा लाटत. आठव्या दिवशी चार पोळ्या गोल झाल्या. आईने त्यातली एक मोडून दुधात कुस्करली आणि खाल्ली.

ती दवाखान्यात पहिल्यांदा गेली तेव्हा मी बरोबर होतो. लंगडी, फडके, तुपाचे भांडे आणि स्टोव्ह एका पिशवीत होते. वैद्यांनी मागच्या ओसरीत पडदा लावून दिला होता. तिने जागा स्वतः सारवली. औषधाला आलेल्या बायका पडद्याच्या फटीतून पाहत होत्या. "दक्षिणी बाई भांग पका रही है," एक म्हणाली. माळव्यात मराठी माणसाला दक्षिणी म्हणतात. आईने मागे न पाहता उत्तर दिले, "पकी तो बताऊँगी." ओसरीभर हसू झाले. तासाभराने तूप गाळून झाले. वैद्यांनी ते मोजून बाटलीत भरले, वहीत लिहिले, आईची सही घेतली. उरलेला चोथा त्यांनी तिच्यासमोर जमिनीत पुरून टाकला.

थेंब किती हे ठरायला तीन आठवडे लागले. जास्त झाले की तिला दिवसभर गुंगी राही आणि तोंडाला कोरड पडे. कमी झाले की कळ येई. शेवटी प्रमाण जमले ते असे: जेवणाआधी तासभर, दोन्ही वेळा, कोमट दुधातून. दुखणे गेले नाही. थंडीत ते वाढे आणि काही दिवस पाटी पुन्हा बाहेर येई. पण दोन वेळचा भात, मऊ पोळी आणि वाटलेली भाजी रोज पोटात जाऊ लागली.

१ नोव्हेंबरला मध्य भारत संपले. मी त्या दिवशी उज्जैनची बातमी पाठवली. दिवाळी तोंडावर होती, कचेऱ्यांतली सामानसुमानाची हलवाहलव चालू होती आणि कोणता विभाग कुठे जाणार हे निश्चित सांगणारा माणूस भेटत नव्हता. वडिलांनी शाजापूरहून पत्र लिहिले की परवानगी जुन्या राज्याची आहे, नव्या राज्यात ती चालेल असे गृहीत धरू नये, लेखी विचारून घ्यावे, आणि उत्तर येईपर्यंत दवाखान्यात जाऊ नये.

आईने पत्राचा पहिला भाग मान्य केला. भाऊबीज झाल्यावर आबकारी कचेरी उघडली त्याच दिवशी ती टांग्याने तिथे गेली. मी बाहेर थांबलो, कारण तिने थांबायला सांगितले. आत ती दीड तास होती. आतल्या कारकुनाने मला नंतर सांगितले की साहेब दौऱ्यावर आहेत, अर्ज ठेवून जा, असे तिला दोनदा सांगण्यात आले. दोन्ही वेळा तिने पाटीवर लिहून दाखवले, "बसते." साहेब बाराला आले. त्यांनी कागद पाहिला, तिला काही प्रश्न विचारले, तिने पाटीवर उत्तरे दिली.

ती बाहेर आली तेव्हा कागद तिच्या हातात होता. नव्या राज्याचे शिक्के अजून आले नव्हते. जुन्या शिक्क्यातील 'मध्य भारत' शाईने खोडून वर हाताने 'मध्य प्रदेश' लिहिले होते, शेजारी सही होती आणि खाली 'पुढील आदेशापर्यंत कायम' असा शेरा होता.

टांगा पुलावरून दवाखान्याकडे वळवायला तिने सांगितले. लंगडी आणि स्टोव्ह तिने सकाळीच बरोबर घेतले होते. वैद्यांच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: तूप सिद्ध झाले, वेळ दुपारी दोन, रुग्णाच्या हाते. खाली तिची सही आहे.